नागरी ख्रिस्ती सेवाकार्य

नागरी ख्रिस्ती सेवाकार्य : औद्योगिक शहरांतील गरीब वस्त्यांत प्रत्यक्ष वास्तव्य करून तेथील रहिवाशांच्या शिक्षणासाठी, आरोग्यासाठी व न्याय्य हक्कांसाठी ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेने चालविलेले संघटित कार्य. दानधर्म, रुग्णसेवा व अनाथांचे संगोपन ही ख्रिस्ती चर्चची जुनीच कार्ये होत. तथापि सेवा करणाऱ्याने सेव्य जनांचा शेजारी व्हावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढमूल झाली. आधुनिक व्यावसायिक समाजकार्याचा उगम काही अंशी या कल्पनेत आहे.

पार्श्वभूमी : ग्रेट ब्रिटनमधील चर्चची पॅरिश ही व्यवस्था मुळात खेड्यांच्या मानाने आखलेली होती. धर्मगुरू पॅरिशमधील प्रत्येक कुटुंबाला ओळखतो, हे तिचे गृहीत होते. औद्योगिक क्रांतीनंतर शहरांची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि हे गृहीत कोलमडले. सुखवस्तू वर्ग उपनगरांत राहू लागला व श्रमिक वस्त्यांशी त्याचा संबंध फक्त देणगीपुरता उरला. विल्यम बूथ (१८२९–१९१२) व कॅथरिन बूथ (१८२९–९०) या दांपत्याने १८६५ मध्ये पूर्व लंडनमध्ये धर्मप्रचारास प्रारंभ केला. त्यातूनच १८७८ मध्ये मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) ही संघटना आकारास आली. उपाशी माणसाला आधी अन्न, निवारा व काम मिळाले पाहिजे, ही भूमिका बूथ यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडली. तत्पूर्वीच, १८८२ मध्ये, फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली मुक्तिफौजेची पहिली तुकडी मुंबईत दाखल झाली होती. भारतीय वेष, भारतीय नावे व साधी राहणी हे तिचे वैशिष्ट्य होते. [→ मुक्तिफौज].

टॉयनबी हॉल : अँड्रू मर्न्स या धर्मोपदेशकाच्या १८८३ मधील पुस्तिकेने लंडनमधील गलिच्छ वस्त्यांचे विदारक चित्र सुशिक्षितांपुढे ठेवले. त्याच वर्षी व्हाइटचॅपेल येथील सेंट ज्यूड्‌स चर्चचे धर्मगुरू सॅम्युएल बार्नेट (१८४४–१९१३) यांनी ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात विद्यापीठीय तरुणांनी गरीब वस्तीत जाऊन राहावे, असे आवाहन केले. १८८४ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येस टॉयनबी हॉल हे पहिले ‘सेटलमेंट’ म्हणजे निवासी सेवाकेंद्र उघडले. अर्थेतिहासकार आर्नल्ड टॉयनबी (१८५२–८३) यांचे नाव त्यास देण्यात आले. बार्नेट यांच्या पत्नी हेन्‍रीएटा (१८५१–१९३६) यांचा या कार्यात बरोबरीचा वाटा होता.

येथील रहिवासी तरुण दिवसा आपापला व्यवसाय करीत, राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतः सोशीत आणि संध्याकाळचा वेळ वस्तीला देत. प्रौढांचे वर्ग, मुलांची मंडळे, व्याख्याने, चित्रप्रदर्शने, मोफत कायदेविषयक सल्ला व स्थानिक कारभारात सहभाग असा हा कार्यक्रम असे. बार्नेट यांनी रहिवाशांवर श्रद्धेची कोणतीही अट घातली नाही. हे धोरण मान्य नसलेल्यांनी त्याच वर्षी बेथ्‍नल ग्रीन येथे स्पष्टपणे अँग्‍लिकन स्वरूपाचे ऑक्सफर्ड हाउस काढले. सेवा व धर्मप्रचार यांच्या संबंधाविषयीचा हा मतभेद पुढे या कार्याच्या जवळजवळ प्रत्येक केंद्रात उद्‌भवला. गरिबीची कारणे व्यक्तीच्या दुर्गुणांत नसून बेकारी, अपुरे वेतन व आजारपण यांत आहेत, हे येथील अनेक तरुणांना निकटच्या सहवासामुळे पटले. विल्यम बेव्हरिज हे विसाव्या शतकाच्या आरंभी टॉयनबी हॉलचे उपप्रमुख होते. सामाजिक सुरक्षेविषयीचा त्यांचा १९४२ चा अहवाल ब्रिटनमधील कल्याणकारी राज्याचा पाया ठरला. तो अंमलात आणणारे पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली यांनीही पूर्व लंडनमध्ये असेच काम केले होते.

अमेरिका : जेन अ‍ॅडम्स (१८६०–१९३५) व एलेन गेट्‌स स्टार (१८५९–१९४०) यांनी १८८९ मध्ये शिकागो येथे स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस स्थापन केले. अ‍ॅडम्स यांनी त्याआधी टॉयनबी हॉलला भेट दिली होती. हल हाउसची प्रेरणा धार्मिक असली, तरी त्याचे दैनंदिन स्वरूप धर्मनिरपेक्ष राहिले. याउलट, ग्रेअम टेलर (१८५१–१९३८) या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८९४ मध्ये त्याच शहरात शिकागो कॉमन्स हे केंद्र काढून तेथे सहकुटुंब वास्तव्य केले. वॉल्टर राउशेनबुश (१८६१–१९१८) हे न्यूयॉर्कमधील ‘हेल्स किचन’ या दरिद्री भागात १८८६ पासून अकरा वर्षे धर्मोपदेशक होते. तेथील बालमृत्यू व बेकारी पाहून त्यांनी व्यक्तीच्या उद्धाराबरोबरच समाजरचनेच्या उद्धाराचा विचार मांडला. ‘सामाजिक शुभवर्तमान’ या नावाने तो ओळखला जातो.

डॉरोथी डे (१८९७–१९८०) व पीटर मॉरिन (१८७७–१९४९) यांनी महामंदीच्या काळात, १ मे १९३३ रोजी, एक सेंट किंमतीचे द कॅथलिक वर्कर हे वृत्तपत्र सुरू केले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘अतिथिगृहां’त कार्यकर्ते पगार न घेता, बेघरांबरोबर एकाच छताखाली राहतात. सकाळची कॉफी, दुपारचे सूप, जुन्या कपड्यांचे वाटप, रुग्णाची सोबत व सामुदायिक प्रार्थना असा त्यांचा साधा दिनक्रम असतो. अन्नदान करणाऱ्याने उपासमारीचे कारणही विचारले पाहिजे, अशी डे यांची धारणा असल्याने संप व युद्धविरोधी निदर्शने यांतही त्या सहभागी झाल्या व त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला.

जपान व फ्रान्स : तोयोहिको कागावा (१८८८–१९६०) हे १९०९ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येस कोबे शहरातील शिंकावा या झोपडवस्तीत राहावयास गेले. तेथे त्यांना खुपरीचा विकार जडून त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. दयेने वस्ती बदलत नाही, या अनुभवातून ते कामगार संघटना व सहकारी चळवळीकडे वळले. १९३९ च्या आरंभी भारतभेटीत त्यांनी महात्मा गांधींशी चर्चा केली. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून काही कॅथलिक धर्मगुरू कारखान्यांत व गोद्यांत मजुरी करू लागले. त्यांची संख्या सुमारे शंभर झाली असता, ते कामगार संघटनांत व राजकारणात ओढले जातात या कारणास्तव १९५४ मध्ये रोमने या प्रयोगास आवर घातला. अनेकांनी आज्ञा मानली, तर अनेकांनी कामगारांची साथ सोडण्यास नकार दिला. १९६५ मध्ये या कार्यास पुन्हा अनुमती मिळाली.

मुंबई : अमेरिकन मराठी मिशनचे मुंबईतील कार्य १८१३ पासूनचे, परंतु त्याचा भर दीर्घकाळ शाळा, मुद्रण व धर्मप्रचार यांवर होता. क्लिफर्ड मॅन्‌शार्ट हे १९२५ मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली मिशनने गिरणगावालगतच्या दाट वस्तीत नागपाडा नेबरहुड हाउस उभारले. मुसलमान, हिंदू, ज्यू व ख्रिस्ती अशा मिश्र वस्तीतील हे केंद्र वाचनालय, दवाखाना, व्याख्याने, मुलांची मंडळे व खेळ यांमुळे सर्वांना खुले झाले. सेवा ही धर्मांतराचे आमिष होता कामा नये, अशी मॅन्‌शार्ट यांची भूमिका होती. केवळ सद्‌भावना पुरेशी नसून कार्यकर्त्यांना पद्धतशीर शिक्षण हवे, या त्यांच्या आग्रहातून १९३६ मध्ये टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ नागपाड्यातच सुरू झाले. मॅन्‌शार्ट हे त्याचे पहिले संचालक होत. १९४४ मध्ये या संस्थेस ‘टाटा समाजविज्ञान संस्था’ हे नाव मिळाले व पुढे ती देवनार येथे गेली. [→ समाजकार्य].

ही कल्पना ख्रिस्ती वर्तुळापुरती मर्यादित राहिली नाही. विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) यांनी १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या युनिटेरियनपंथीय मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचे अध्ययन केले. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी परळ येथे ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापिले. त्यांच्या भगिनी जनाबाई याही या कार्यात सहभागी होत्या. ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा व वाचनालये गिरणी कामगारांच्या वस्त्यांत नेली. कोलकात्यात मदर तेरेसा (१९१०–९७) यांनी १९४८ मध्ये मोतीझील वस्तीत कार्य आरंभिले व १९५२ मध्ये कालीघाट येथे मरणासन्नांसाठी ‘निर्मल हृदय’ उघडले.

मूल्यमापन : या कार्यावर तीन प्रमुख आक्षेप घेतले गेले. पहिला धर्मांतराचा : अन्न, औषध व शिक्षण देणारा हात श्रद्धाही बदलू पाहील, ही शंका वसाहतकालीन भारतात स्वाभाविक होती आणि ती आजही पुरती मावळलेली नाही. दुसरा आक्षेप उपकारवृत्तीचा : सुशिक्षित शेजारी कंटाळल्यास वस्ती सोडून जाऊ शकतो, मूळ रहिवासी जाऊ शकत नाही, त्यामुळे हे शेजार समानांचे ठरत नाही. तिसरा, दुःख हलके करताना त्याची कारणे दुर्लक्षिली जातात, हा. मदर तेरेसा यांच्या कार्यावर या अंगाने, तसेच तेथील वैद्यकीय दर्जावरून टीका झाली. तर डे, कागावा व फ्रेंच कामगार-धर्मगुरू यांनी कारणांनाच हात घातल्याने त्यांच्यावर धर्मकार्य सोडून राजकारण केल्याचा ठपका आला.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर यांतील बरेचसे काम शासनाच्या योजनांनी व प्रशिक्षित, वेतन घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी स्वीकारले. त्यामुळे कामात सातत्य, कौशल्य व हिशेबीपणा आला. परंतु कचेरीची वेळ संपल्यावर कार्यकर्ता वस्तीबाहेर जाऊ लागला. नळाला पाणी पहाटे किती वाजता येते, भाडे थकल्यावर कोण दारात येते, मूल रात्री आजारी पडल्यास कोणाला हाक मारावी लागते, हे ज्ञान पाहणीच्या तक्त्यात क्वचितच उतरते. बेव्हरिज यांच्या अहवालामागे व मॅन्‌शार्ट यांच्या प्रशिक्षणसंस्थेमागे अशाच सहवासातून आलेले ज्ञान होते. निवासी सेवाकेंद्रांनी गरिबी नष्ट केली नाही. गरिबीविषयी बोलण्याचा अधिकार तिच्या शेजारी राहून मिळवावा लागतो, हा दंडक मात्र त्यांनी घालून दिला.