सुराखानीची ज्वाळा का विझली?

अझरबैजानची राजधानी बाकू. तिच्याजवळ सुराखानी गावात 'आतेशगाह' नावाचे जुने अग्निमंदिर आहे. तिथल्या शिलालेखांत देवनागरी अक्षरे आणि गणेशाला वंदन आढळते, हे वाचून नवल वाटेल. मुलतान-पंजाबकडून व्यापारासाठी गेलेल्या मंडळींचे ते श्रद्धास्थान. एका लेखावर संवत १८०२, म्हणजे इ. स. १७४५-४६ असा काळ कोरला आहे. जमिनीतून आपोआप निघणाऱ्या ज्वाळेत त्यांना कांगड्याची ज्वालाजी दिसली.

ही ज्वाळा आली कुठून? अरबस्तानचा भूखंड उत्तरेकडे सरकतो आहे. त्याच्या रेट्याने कॉकेशस पर्वत उभा राहिला. पर्वताशेजारी, दक्षिण कॅस्पियन समुद्राच्या तळाशी, गाळाचे वीस किलोमीटरहून जाड थर साचले. गाळातले सूक्ष्म जीवांचे अवशेष खोलवरच्या उष्णतेत शिजले आणि त्यांचे तेल व वायू झाले.

पण तेल तयार होणे वेगळे आणि ते वर येणे वेगळे. गाळ इतक्या झपाट्याने साचला, की चिकणमातीतल्या पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळाली नाही. वरचा भार त्या कोंडलेल्या पाण्यावर आला आणि दाब वाढला. त्यात पर्वताचा आडवा रेटा! आपण घाणा म्हणतो, कानडीत गाण. तसाच हा पाताळातला घाणा. पिळून निघालेले तेल, वायू आणि पाणी सच्छिद्र वालुकाश्मात शिरले. पाण्यापेक्षा हलके असल्याने तेल-वायू खडकांच्या कमानीसारख्या घड्यांत वर जाऊन साठले. कमानीला जिथे भेग पडली, तिथून वायू बाहेर आला. त्या भागात चिखल ओकणारे शेकडो उंचवटे आहेत, तेही याच दाबामुळे.

आपला सह्याद्री भूखंडांच्या अशा टकरीतून घडलेला नाही. हिमालय मात्र घडला आहे. कांगड्याची ज्वालाजी त्याच्याच पायथ्याशी तेवते.

एकोणिसाव्या शतकात बाकूत तेलविहिरी आल्या. १९०१ च्या सुमारास जगातले जवळजवळ निम्मे तेल तिथून निघत होते. सुराखानीच्या पोटातला वायूही उपसला गेला, दाब उतरला आणि १९६९ मध्ये मंदिरातली ज्वाळा विझली. आज तिथे नळाने आणलेला वायू जळतो. लाखो वर्षांत साठलेला दाब संपायला शंभर वर्षे पुरली.