नवकांकरी खेळा, विसरण्याकडे लक्ष ठेवा

"आता वय झालं, विसरायचंच!" हे वाक्य दवाखान्यात मला नेहमी ऐकू येते. वाचकहो, एखादे नाव चटकन न आठवणे वेगळे आणि वर्षानुवर्षे हातात बसलेली गोष्ट विसरणे वेगळे. हा फरक ओळखायला नवकांकरीसारखा जुना खेळ मदत करतो.

एकात एक तीन चौकोन काढून बाजूंचे मध्य रेघेने जोडले की २४ जागा होतात. एकाचे नऊ चिंचोके, दुसऱ्याचे नऊ खडे. आळीपाळीने ते मांडायचे, मग रेघेवरून शेजारच्या मोकळ्या जागी सरकवायचे. आपले तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याचे दोनच उरले, तो हरला.

नियम ध्यानात ठेवणे, समोरच्याचा बेत ओळखणे, आपला आखणे, एवढे काम डोक्याला एका डावात मिळते. अमेरिकेत ७५ वर्षांपुढील ४६९ जणांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. पटावरचे खेळ व वाचन यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. मात्र खेळामुळेच आजार टळतो, असे यातून सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी मंदावू लागते, ते खेळ आधीच सोडून देतात, असेही असू शकते.

म्हणूनच खेळ सुटणे किंवा चुकू लागणे ही लक्ष देण्याची खूण आहे. माझ्याकडे आलेल्या एका आजींबाबत प्रथम नातीने सांगितले, "माझी ओळ झाली तरी आजीला कळत नाही." रक्त तपासले, तर बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते. इंजेक्शनांनी काही महिन्यांत त्यांच्यात चांगली सुधारणा झाली. प्रत्येकाचे असे होत नाही. तरीही बी-१२ची कमतरता, थायरॉईडचा विकार, मनाची उदासी, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या ही कारणे उपचाराने दूर होऊ शकतात किंवा आटोक्यात येतात. ती शोधायलाच हवीत.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. साताऱ्याकडची मुले मुंबई-पुण्याला, खानापूर-आटपाडीची गलाईच्या धंद्यासाठी देशभर. घरी म्हातारी माणसे उरतात आणि डाव मांडायला समोर कोणी नसते. एकटेपणा हाही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो.

तेव्हा शेजारच्या मुलांना, गावी आलेल्या नातवंडांना रोज अर्धा तास आजोबांसमोर बसवा. पट मोठा, रेघा ठळक काढा. चूक झाल्यास हसू नका. पण पूर्वी सराईतपणे खेळणारा माणूस नियमच विसरू लागला, पैशांचा हिशेब किंवा ओळखीची वाट चुकू लागला, तर वयावर ढकलू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा आणि चालू असलेली सर्व औषधे दाखवायला सोबत न्या.