यंत्र मोफत, पण वाट लांब

मूत्रपिंडाचा आजार, ज्याला आपण सर्रास किडनीचा आजार म्हणतो, तो चोरपावलांनी येतो. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. रक्तातील घाण गाळण्याची निम्मी शक्ती गेली तरी माणूस रानात पाणी देतो, केळीचे घड कापतो. पायांना सूज येते, भूक मरते, दम लागतो, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. मग डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, आणि तेही मूत्रपिंड बदलेपर्यंत किंवा जन्मभर.

सरकारने या बाबतीत केले आहे ते मान्य करावयास हवे. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना डायलिसिस मोफत मिळावे, हा त्याचा हेतू. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. पात्र कुटुंबास त्यातून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, हे कार्ड मिळू शकते.

मग अडते कोठे? हिशोब करून पाहू. डायलिसिस साधारण आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास. म्हणजे वर्षात १५६ खेपा. खकनारच्या रुग्णास बुऱ्हाणपूरला जाऊन-येऊन ३१२ वेळा प्रवास. सोबत घरचे एक माणूस, आणि दोघांची मजुरी बुडालेली. अशा ओढाताणीत ३ खेपांच्या २ होतात, मग १, आणि एक दिवस रुग्ण जाणेच सोडतो. पोटातून करावयाचे डायलिसिस घरी करता येते. २०१९ साली त्याचाही या सरकारी कार्यक्रमात समावेश झाला. आपल्या रुग्णास ते चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

आपल्या गावचा कुंडी भंडारा पाहा. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून कुंडीमागून कुंडी पुढे सरकत शहरात येई. मधला मार्ग बुजला तर वर पाणी असूनही खाली घागर कोरडीच. उपचाराचेही तसेच आहे. आशाताई, उपकेंद्र, तपासणी, जिल्हा रुग्णालय आणि घर ही साखळी अखंड हवी. अमेरिकेने १९७२ साली कायदा करून जवळजवळ सर्वांच्या डायलिसिसचा भार सरकारवर घेतला. पुढे खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला. शेवटच्या टोकाला पैसा ओतण्यापेक्षा आरंभीच रोग ओळखणे स्वस्त, हा त्यातला धडा.

आमचा शेजारही इशारा देतो. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या खारपाणपट्ट्यात कित्येक वर्षे किडनीचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत आले आहेत. मध्य अमेरिकेत उसाच्या फडात भर उन्हात राबणाऱ्या तरुण मजुरांनाही हा आजार जडला. तेथे पाणी, सावली आणि विसावा यांची शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले. आमच्या वैशाखातही ती हवी.

म्हणून शेतकरी बांधवांनो, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिनही पाहावे, आणि बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत. कंबर दुखली की दुकानातून अंगदुखीची गोळी आणून रोज घेणे मूत्रपिंडास घातक ठरू शकते. ज्यांचा आजार पुढे गेला आहे, त्यांना केळी व नारळपाणी बाधू शकते. केळीच्या मुलखात हे पाळणे कठीण, पण आवश्यक. डायलिसिसवरील रुग्णाने पाणीही डॉक्टर सांगतील तेवढेच प्यावे.

आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याच्यासोबत पाळीपाळीने जाऊ या, गाडीभाडे वाटून घेऊ या. १५६ खेपा एका घराला जड आहेत. बारा घरांनी वाटून घेतल्या तर घरामागे तेराच येतात.