पहिला स्मार्टफोन : मर्यादित खर्चात योग्य निवड

गोदावरीच्या तीरावरील बासर हे गाव ज्ञानसरस्वतीच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. आपल्या पाल्याच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेण्यासाठी दूरदूरचे पालक येथे येतात. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात समाविष्ट झाले आहे. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद लगतच असल्याने या सीमाभागात मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा कानी पडतात.

अक्षरओळखीइतकीच आज स्मार्टफोनची ओळखही व्यवहारात उपयोगी पडू लागली आहे. बँकेचे व्यवहार, शाळेच्या सूचना, हवामानाचा अंदाज, शासकीय योजनांचे अर्ज अशी अनेक कामे त्याद्वारे होतात. परंतु लहान शेतकरी वा शेतमजूर कुटुंबात फोनसाठी बाजूस ठेवलेली रक्कम बहुधा बियाणे, वह्या-पुस्तके किंवा औषधपाणी यांच्या खर्चातून वाचविलेली असते. निवड चुकल्यास ती वर्षभरातच वाया जाते. म्हणून फोन किती स्वस्त मिळाला यापेक्षा तो किती वर्षे उपयोगी पडेल, याचा विचार प्रथम करावा.

गरज कोणती?

फोन कोण वापरणार व कशासाठी, हे घरातच ठरवावे. केवळ बोलणे व अधूनमधून पैसे पाठविणे एवढेच काम असल्यास साधा बटणांचा फोनही पुरतो. अशा फोनवरून पैसे देण्याची ‘यूपीआय १२३पे’ ही सोय मार्च २०२२ पासून उपलब्ध आहे. मुलांचा अभ्यास, कागदपत्रे पाठविणे किंवा अर्ज भरणे ही कामे असतील, तरच स्मार्टफोनचा खर्च करावा.

हिशेब वर्षांचा करावा

समजा, एक फोन ६,००० रुपयांना मिळाला व दीड वर्षात निकामी झाला, तर त्याचा खर्च वर्षाला ४,००० रुपये पडला. दुसरा ९,००० रुपयांचा फोन चार वर्षे टिकला, तर वर्षाचा खर्च २,२५० रुपयेच येतो. यात रिचार्जचा खर्चही धरावा. महिन्याला २०० रुपये धरले, तरी चार वर्षांत ही रक्कम ९,६०० रुपये, म्हणजे फोनच्या किमतीहूनही अधिक होते. हप्त्याने घेताना सर्व हप्ते, प्रारंभीची रक्कम व प्रक्रिया शुल्क यांची बेरीज करून ती रोख किमतीशी ताडून पाहावी.

काय तपासावे?

१. रॅम व साठवण : रॅम ही काम करण्याची जागा होय, तर साठवण हे कोठार होय. किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण असावी. जाहिरातीत ‘४ अधिक ४, एकूण ८ जीबी’ असे लिहिलेले आढळते. त्यातील दुसरे ४ जीबी कोठारातूनच उसने घेतलेले असतात व खऱ्या रॅमइतके वेगवान नसतात. खरा आकडा पहिलाच समजावा.

२. सुरक्षा अद्यतने : कंपनी किती वर्षे अद्यतने देणार, हे अवश्य विचारावे. प्रणाली फार जुनी झाली की बँकेची अॅप्स चालेनाशी होतात. दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला जुना नमुना स्वस्त दिसला, तरी या कारणाने महाग पडतो.

३. कॅमेरा : मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नये. दुकानातच एखाद्या छापील कागदाचे जवळून छायाचित्र घ्यावे. बारीक अक्षरे स्पष्ट वाचता आली, तर पासबुक, दाखले व गृहपाठ पाठविण्यास तो कॅमेरा पुरेसा आहे.

४. पडदा व बॅटरी : फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन पडदा वाचता येतो का, हे पाहावे. वीज वारंवार जात असल्यास ५,००० एमएएच क्षमतेची बॅटरी सोयीची ठरते.

५. भाषा : आपल्याकडे मराठी व तेलुगू या दोन्ही लिप्या उमटतात का, हे दुकानातच टंकून पाहावे.

६. जाळे : आपल्या घरी व शेतात कोणत्या कंपनीचे जाळे नीट पोहोचते, हे शेजाऱ्यांच्या फोनवर पाहून मगच सिम व फोन ठरवावा. ४जी जाळ्यावरून बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, असणे आवश्यक आहे. गावात ५जी पोहोचले नसल्यास केवळ त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

वापरलेला फोन घेताना

जुना फोन घेण्यात गैर काही नाही. मात्र सावधगिरी बाळगावी. *#०६# हा क्रमांक फिरविल्यास पडद्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरील व पावतीवरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. के.वाय.एम. ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा व हा क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास फोनची माहिती मिळते. फोन प्रतिबंधित किंवा त्याचा क्रमांक बनावट असल्याचे उत्तर आल्यास तो घेऊ नये. पूर्वीच्या मालकाने आपले खाते आपल्या समक्ष काढून टाकावे. अन्यथा फोन पुसल्यानंतर तो पुन्हा उघडणार नाही.

खरेदीनंतर

आयएमईआय क्रमांक लिहिलेली पक्की पावती घ्यावी व जपून ठेवावी. दुरुस्तीचे अधिकृत केंद्र निझामाबाद, निर्मल वा नांदेड यांपैकी कोठे आहे, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. दुरुस्तीसाठी जाण्यायेण्यात बुडणारी मजुरीही खर्चच आहे. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून ‘संचार साथी’ या केंद्र शासनाच्या सेवेद्वारे तो बंद करविता येतो. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ व ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० वर कळवावे. ओटीपी व पिन कोणासही सांगू नये.

शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांनी खरेदीपूर्वी पालकांसमवेत ही तपासणी करून दिल्यास अनेक कुटुंबांची कष्टाची कमाई वाचेल. पाटीवरचे पहिले अक्षर कोणीतरी हात धरूनच गिरवून घेतो. पहिल्या फोनच्या बाबतीतही असा एक जाणता हात सोबतीस असावा.