तरवा आणि लावण



ऊसतोड जोरात असते त्या दिवसांत बाजाराला किंवा अंबाबाईच्या दर्शनाला तुम्ही कोल्हापुरात जाता. दुपार कलली की तरुण पोरांचे थवे शाहू स्टेडियमकडे निघालेले दिसतात. सामना असतो पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालमीचा, नाहीतर खंडोबा तालीम आणि प्रॅक्टिस क्लबचा. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत, हे आपल्या कोल्हापुरातच!

हे पाहून घरातले वडीलधारे विचारतात, "यातून पोरांना मिळते काय? एखादा नाव काढतो, तोही गाव सोडून जातो." प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी जरा लांब जाऊ.

युरोपच्या उत्तरेला आइसलँड नावाचा बेटाएवढाच देश आहे. त्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. आपल्या कोल्हापूर शहराचीच २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात होती. तरीही त्या देशाची राष्ट्रीय साखळी स्पर्धा, म्हणजे लीग, १९१२ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी संघ होते अवघे तीन! आज तिथला चांगला खेळाडू वयात आला की जास्त पैशासाठी परदेशी संघात जातो. पण लहानपणापासून त्याला शिकलेला प्रशिक्षक आणि भरपूर सामने मिळालेले असतात ते गावच्या क्लबातच. अशाच खेळाडूंनी २०१६ साली युरोपच्या स्पर्धेत इंग्लंडला २-१ ने हरवले आणि २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असे रोखले.

भात करणाऱ्याला यातले मर्म सांगायला नको. रोपे उपटून नेली म्हणून तरवा वाया गेला, असे आपण म्हणतो का? रोप लावणीला गेले, यातच तरव्याचे सार्थक. लहान जागेच्या लीगचेही तसेच आहे. बाद पद्धतीत एकदा हरले की पोरगा घरी बसतो. साखळीत मात्र हरला तरी पुढच्या सामन्याला उभा राहतो, आणि चुका सुधारतच तयार होतो.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून हा तरवा राखत आहे. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. देशाची राष्ट्रीय लीग तर १९९६ साली आली. पुढे २००७ मध्ये आय-लीग आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. २०२५ साली कराराचा घोळ झाला आणि त्या मोठ्या लीगचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. वरचा डोलारा असा कधीही हलू शकतो. म्हणून खालचे मूळ घट्ट हवे.

पण तरव्यात तणही माजते. संघांच्या ईर्षेतून हाणामारी होते, सामना थांबतो. काही संघांनी आफ्रिकेतून खेळाडू आणले. पाहुण्यांकडून शिकायला मिळते हे खरे, पण त्यांच्यापायी पेठेतला पोरगा बाकावर बसून राहिला, तर तो तयार व्हायचा कधी? विकतच्या रोपाने एक हंगाम साधेल, घरचे बियाणे मात्र हातचे जाईल.

तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी चेंडूमागे धावत असेल, तर रागावू नका. शाळा बुडू देऊ नका, एवढे पाहा. शिकवणारा कोण, वर्षात सामने किती मिळतात, याची चौकशी करा. जत्रेच्या वर्गणीतून चार पैसे गावच्या मैदानासाठी बाजूला काढा. आणि उद्या तुमचे रोप दूरच्या शेतात लावणीला गेले, तर हळहळू नका. पुढच्या वर्षीचा तरवा टाकायला घ्या.