नवे खत खरेच लागू पडले का? खारवट खाचरातील तुलना

नवे खत अर्ध्या खाचरात टाकले, त्या बाजूला भात जास्त आले, म्हणून पुढच्या खरिपात सगळ्या शेताला तेच घ्यायचे, असा निर्णय अनेकदा घेतला जातो. वसईच्या खाडीलगतच्या खाचरात तो सहज फसतो. खाडीकडची जमीन जास्त खारवट, वरची कमी. खत वरच्या बाजूला पडले असेल, तर वाढ खताची की जमिनीची हे कळत नाही.

म्हणून खाडीपासूनच्या अंतरानुसार शेताचे पाच पट्टे पाडावेत. प्रत्येक पट्ट्यात एकेक गुंठ्याचे दोन तुकडे आखून, नवे खत कोणत्या तुकड्याला हे नाणे उडवून ठरवावे. चांगला तुकडा नव्या खताला देण्याचा मोह सर्वांना होतो, विक्रेत्याला जरा जास्तच! दोन तुकड्यांमध्ये बांध घालावा, नाहीतर पाण्याबरोबर खत शेजारी जाते. वाण, रोपांचे वय व लावणीचा दिवस एकच ठेवावा.

कापणीत कडेच्या दोन ओळी सोडून उरलेले सगळे भात झोडावे, 14 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावे आणि गुंठ्याच्या हिशेबाने वजन काढावे. छोट्या चौकटीवरून अंदाज बांधू नये. पीक कापणी प्रयोगांवर काम करताना संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकातच दाखवले होते, की चौकट लहान असली की उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. रेषेवरचे चूडही आत धरले जातात.

आता समजा, पाच पट्ट्यांत नव्या खताचा फरक गुंठ्याला 2, 1, 3, उणे 1 आणि 2 किलो आला. सरासरी 1.4 किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे 140 किलो. आकडा मोहात पाडणारा आहे. पण फरक पट्ट्यागणिक हलतो. त्या चढउतारावरून सरासरीची प्रमाण त्रुटी 0.68 किलो येते. 1.4 ला 0.68 ने भागल्यास सुमारे 2.06. पाच जोड्यांसाठी ‘टी’ सारणीतील 5 टक्के पातळीची मर्यादा 2.78 आहे. म्हणजे खताचा काहीच परिणाम नसतानाही, निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसू शकतो.

याचा अर्थ खत निरुपयोगी असा नव्हे. पुरावा अपुरा आहे. पुढच्या खरिपात दहा जोड्या घ्याव्यात. सरासरी व चढउतार असेच राहिले तर भागाकार 2.92 येईल आणि दहा जोड्यांची मर्यादा 2.26 आहे. मग 140 किलो भाताचा भाव आणि खताचा हेक्टरी जादा खर्च शेजारी मांडून पाहावा.