पैनगंगेकाठची उंच शेती

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे पसरले आहेत. पुसेगाव ज्या सेनगाव तालुक्यात आहे, तो याच सरहद्दीवर वसला आहे. १९५६ पर्यंत पैनगंगेच्या अलीकडे हैदराबाद राज्य व पलीकडे मध्य प्रदेशातील वऱ्हाड होते. आज हीच नदी मराठवाडा व विदर्भ यांची सीमा होय.

पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर जलाशयांचे पाणी कालव्यांनी सखल वसमतकडे जाते; तेथे ऊस, केळी व हळद पिकते. उंचावरील शेतास मात्र पाऊस हाच कालवा. उतारावरून वाहणारे पाणी मातीचा सुपीक थर पैनगंगेस नेऊन मिळविते व शेवटी मुरूम उघडा पडतो. गेलेली माती कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून मशागत व पेरणी उतारास आडवी करावी, बांध वेळीच दुरुस्त करावेत. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी पेराव्यात. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास पैसा देते. खोल मुळांची तूर मुरलेल्या ओलीवर पुढे तग धरते. एक पीक फसले तरी दुसरे संसार सावरते. पाणी शिवारातच मुरविणे, हेच या भागाच्या अर्थव्यवस्थेचे मूळ होय.